शटरच्या आतला कॅमेरा

विश्वजितचा प्रश्न एकच असायचा. "शटर वर जातं तेव्हा कॅमेरा आतून त्या लोकांचे चेहरे दाखवतो. मग तो कॅमेरा आधी आत गेला कसा? भिंतीतून?"

दर रविवारी सकाळी निशी-कसाईतल्या त्या चौथ्या मजल्यावरच्या घरात हा प्रश्न विचारला जायचा आणि दर रविवारी कौमुदी म्हणायची, "तू गप्प बस आणि पोहे खा." तिला तो कार्यक्रम भारी आवडायचा. तोक्योतली घरं ही एवढी एवढीशी, म्हणून लोक भाड्याने ट्रंकरूम घेतात आणि घरात न मावणारा पसारा तिथे कोंबून कुलूप लावतात. मग कुणी गाव सोडतं, कुणी मरतं, कुणाला भाडं परवडत नाही. महिनोन् महिने भाडं थकलं की ते बेवारस सामान लिलावात जातं. घेणारा आत न बघताच बोली लावतो, मग कॅमेऱ्यासमोर शटर वर जातं, आणि भंगारातून हमखास काहीतरी निघतं. आधी ती अमेरिकेतले असले कार्यक्रम बघायची. मग एका वेब चॅनेलने जपानी अवतार काढला, तेव्हा तर तिला मेजवानीच झाली.

"हमखास निघतं, हेच तर," विश्वजित म्हणायचा. "आपलं माळ्यावरचं सामान काढ बरं. काय निघेल? तुटका हीटर आणि तुझ्या लग्नातल्या साड्यांची खोकी. ह्यांना बरं दर आठवड्याला समुराईची तलवार सापडते!"

"सगळंच कसं खोटं असेल रे? माणसांच्या डोळ्यांत पाणी येतं, ते काय ग्लिसरीन?"

विश्वजित सॉफ्टवेअरवाला. त्याला प्रत्येक गोष्टीत बग दिसायचा. कौमुदीला माणसं दिसायची. आता ह्यातलं कोण शहाणं, हे पुढे कळेलच.

कौमुदीला जपानी चांगलं यायचं. घर आणि मुलगी सांभाळून ती दुभाष्याचा बाइतो करायची, म्हणजे आपलं पार्टटाइम काम. कधी शाळेत नव्या भारतीय आयांबरोबर जायचं, कधी वॉर्ड ऑफिसात. एक दिवस एजन्सीतून फोन आला. टीव्हीचं काम आहे, भारतीय घरातलं सामान निघालंय, कुठली वस्तू कशाची ते समजावून सांगणारं कुणीतरी हवंय, कॅमेऱ्यासमोर बोलावं लागेल. कार्यक्रमाचं नाव ऐकलं आणि बाई खुर्चीवरून उठलीच.

"जा, जा," विश्वजित हसत म्हणाला. "स्वतःच्या डोळ्यांनी बघून ये. मग सांग मला, कोण खरं."

शूटिंग हिगाशी-कसाईला, घरापासून सायकलने अगदी जवळ. ती नवी कोरी कुर्ती घालून गेली आणि पहिल्या फटक्यात तिला काय दिसलं, तर एक पोरगी पिठाच्या चाळणीतून खोक्यांवर धूळ चाळतेय! राखाडी पावडर होती कसलीतरी, आणि ती पोरगी मन लावून, थालीपीठावर तीळ भुरभुरावेत तशी ती भुरभुरत होती. कौमुदीला हसू आवरेना. शटर अर्धंच खाली होतं आणि आत उजेड होता. कॅमेरा आत बसलेलाच होता, खुशाल.

दिग्दर्शक मात्सुई-सान म्हणून होते. पन्नाशीचे, अतिशय मऊ बोलणारे. त्यांनी काहीसुद्धा लपवलं नाही. खोली आठवड्यापूर्वीच उघडली होती. कायदा असा, की कुणाची ओळख पटेल असं काही दाखवायचं नाही. म्हणून कागदपत्रं, फोटो, पासबुकं, सगळं आधीच वेगळं काढून यंत्रात घालून त्याचा भुगा केला होता. उरलेलं पुन्हा नीट रचून ठेवलं होतं. "पण काउमुदी-सान," ते हळूच म्हणाले, "नुसती भांडी आहेत हो. भांडी बघून कोण रडतं? भारतीय घरात अशी एखादी वस्तू असते का, की जी बघितली की कुठल्याही बाईच्या पोटात कालवेल?"

झालं. बाईला मान मिळाला की बाई विरघळते, आणि इथे तर टीव्हीचा दिग्दर्शक सल्ला विचारत होता. कौमुदीने क्षणाचाही विचार केला नाही. "कुंची," ती म्हणाली.

मग तिने समजावून सांगितलं. तान्ह्या बाळाला बारशाला घालतात, डोक्यावर टोपडं आणि तिथून पाठीवर सोडलेला घेर. बाळाची आजी नाहीतर आई शिवते, जुन्या मऊ खणाची. आणि हो, बाळ जन्माच्या आधी शिवायची नसते. बाळाचं काहीही आधी आणायचं नाही, अशी रीत आहे आमच्याकडे. म्हणजे एखाद्या बाईच्या सामानात न वापरलेली कुंची सापडली, तर...

"तर?" मात्सुई-सानांचे डोळे चकाकले.

"तर तिने फार आशेने आधीच शिवून ठेवली असणार. आणि बाळ..." पुढचं तिला बोलावंच लागलं नाही. सगळ्यांनी एकदम "आऽऽ" केलं. कौमुदीला अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं.

आता असली कुंची आणायची कुठून? कुठून म्हणजे काय, कौमुदीच्याच घरातून. तिची मुलगी चैत्राली आठ वर्षांची. तिच्या बारशाची कुंची कौमुदीच्या आईने कोल्हापूरहून शिवून आणली होती, जांभळ्या खणाची, कडेला मोती लावलेली. ती आणायला बाई सायकलवर टांग मारून गेली आणि आलीसुद्धा. मात्सुई-सानांनी दोन्ही हातांनी, वाकून, कुंची घेतली. चाळणीवालीने तिच्यावरही थोडी पावडर भुरभुरली.

आत रचलेल्या सामानात सोऱ्या होता. पुरणयंत्र होतं. पुरणयंत्र बघून तरी हिच्या डोक्यात प्रकाश पडावा की नाही? कुणा नोएडावाल्याच्या घरात पुरणयंत्र असतं का? घर मराठी माणसाचं होतं, आणि निशी-कसाई-हिगाशी-कसाईत मराठी घरं ती किती, सगळी एकमेकांना ओळखणारी. पण नाही. हौसेपुढे अक्कल चालत नाही. मालक केव्हाच परत गेला असेल, त्याला काय पडलंय, असं तिने स्वतःलाच सांगितलं, आणि कुणी विचारलं नसताना सांगितलं, म्हणजे मनात कुठेतरी टोचत असणारच.

मात्सुई-सानांनी तिला एक युक्ती शिकवली. "वस्तू हातात घेतली की लगेच बोलू नका. आधी वस्तूकडे बघा. एक श्वास सोडा. मग डोळे वर करा. मग बोला. म्हणजे बघणाऱ्याला ते खरं वाटतं."

शटर वर गेलं. खोकं उघडलं. कौमुदीने कुंची उचलली, बघितली, श्वास सोडला, डोळे वर केले. आणि काय सांगावं, तिला खरंच रडू आलं. आई आठवली, आईचे मोती ओवणारे हात आठवले, त्या न झालेल्या बाळाची न भेटलेली आईसुद्धा डोळ्यांसमोर उभी राहिली. ती हुंदके देत कुंचीबद्दल बोलली. चाळणीवाली पोरगीही नाक पुसत होती. शॉट संपल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर भांड्यांचं खोकं. कॅमेरा चालूच होता. एक मोठा स्टीलचा डबा, झाकण गच्च बसलेलं. कौमुदीने तो मांडीत धरून झाकण फिरवलं, आणि फिरवताना तिच्या अंगठ्याखाली खडबडीत काहीतरी लागलं. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात, ठिपक्या-ठिपक्यांनी कोरून. कागद आणि फोटो भुग्यात गेले होते, पण स्टीलवर नाव असतं हे त्या बिचाऱ्यांना कुठे ठाऊक! तिने डबा उजेडाकडे केला.

चि. सौ. कां. वृंदा हिस मावशीकडून सप्रेम भेट.

कौमुदीने नाव पुन्हा वाचलं. वृंदा नावाच्या बायका खूप असतात, तिने मनाला बजावलं. झाकण निघालं. आत दोऱ्याची रिळं, कात्री, सुयांची पुडी आणि घडी घातलेला सुपरमार्केटच्या जाहिरातीचा कागद. तिने घडी उलगडली. एका बाजूला मासळीचे फोटो. कागद गोलसर कापलेला. दुसऱ्या बाजूला बॉलपेनने लिहिलं होतं, "ही बाजू घडीवर. इथे चुण्या." अक्षर कौमुदीचं स्वतःचं होतं.

"कट्," मात्सुई-सान म्हणाले. "तो जुना कागद आहे. त्यात दाखवण्यासारखं काही नाही."

वृंदा म्हणजे हरीशची बायको. दोघं हिगाशी-कसाईला राहायची. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत वृंदा मोदकांना बसायची, बोलायची कमी, हसायची जास्त. चैत्रालीच्या बारशाला आली होती. पाळण्याची गाणी संपून सगळ्या जेवायला बसल्या, तेव्हा हीच एकटी आत येऊन काढून ठेवलेल्या कुंचीवरून बोट फिरवत बसली. "कौमुदीताई, मला हिचा नमुना बेतून द्याल?" कौमुदीने तिथल्या तिथे, पडलेल्या जाहिरातीच्या कागदावर कुंची पसरून बेतून दिला. "काय गं, काही विशेष?" तिने डोळे मिचकावत विचारलंही. वृंदा लाजली नाही. म्हणाली, "नाही हो. ह्यांना इतक्यात नको आहे. आधी पर्मनंट रेसिडेन्सी, मग घर, मग बघू म्हणतात. मी पण म्हणते, मला तरी कुठे हवंय. उगाच कटकट नको. हा आपला असू दे माझ्याजवळ. कुणाला बोलू नका हं, ह्यांना तर नकोच नको."

कौमुदी कुणाला बोलली नाही.

तीन वर्षांपूर्वी वृंदा गेली. सकाळी जळाऊ कचऱ्याची पिशवी खाली ठेवायला गेली आणि तिथेच, कावळ्यांसाठी पिशव्यांवर टाकतात त्या जाळीपाशी, बसली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. संध्याकाळपर्यंत संपलं सगळं. हरीश मग ओसाकाला बदली मागून गेला. जाताना लोकांनी सांगितलं, सामान वाटून टाक, त्याने ऐकलं नाही. ते कुठे ठेवलं ते कुणी विचारलं नाही. आता कळलं, कुठे ठेवलं होतं ते.

कौमुदी उठून मात्सुई-सानांपाशी गेली. "मी हिला ओळखते. म्हणजे ओळखत होते. हिचा नवरा आहे. ती कुंची काढून टाका, प्लीज. बाकी काय हवं ते दाखवा."

मात्सुई-सानांचा चेहरा अगदी दुःखी झाला. ते कमरेत वाकले. नाव तर आम्ही पुसट करूच, म्हणाले, आणि कुंचीबद्दल म्हणाले, "केन्तो शिमासु." म्हणजे, विचार करतो.

अकरा वर्षं जपानात काढलेल्या माणसाला 'विचार करतो' म्हणजे काय हे कुणी शिकवायला लागत नाही. 'विचार करतो' म्हणजे नाही. ऑफिसात, शाळेत, बँकेत, सगळीकडे नाहीच. नव्या आलेल्या भारतीय बायकांना हे कौमुदी स्वतः समजावून सांगायची, हसत हसत. पण त्या दिवशी तिने ते 'हो' म्हणून ऐकलं, कारण तिला 'हो' हवं होतं. तिने डबा मागून घेतला, तो त्यांनी आनंदाने दिला. जाहिरातीचा कागद तिने पर्समध्ये घातला. हरीशला फोन करावा असं दहादा वाटलं आणि दहादा तिने तो विचार ढकलला. कशाला उगाच बिचाऱ्याच्या जखमेवरची खपली काढा?

काही दिवसांनी कुंची पोस्टाने परत आली, ड्रायक्लीन करून, पातळ कागदात गुंडाळून, आभाराच्या चिठ्ठीसकट. तेव्हाही तिला वाटलं, परत पाठवली म्हणजे काढली असेल. काय एकेक वाटतं माणसाला!

भाग प्रसिद्ध झाला तेव्हा मंडळाच्या ग्रुपवर सुप्रभाताईंनी तो टाकला. "आपली कौमुदी टीव्हीवर!!! 👏👏" खाली टाळ्यांची रांग लागली. कौमुदीने उघडून बघितला. बाकीच्या भांड्यांवरचं नाव पुसट केलं होतं. डबा तर काढूनच टाकला होता. कुंची मात्र जवळजवळ भागभर होती. पियानो वाजत होता, आणि कौमुदी हमसून हमसून सांगत होती, की ह्या घरातल्या बाईने आपल्या रीतीविरुद्ध जाऊन, आशेने ही आधीच शिवून ठेवली होती. जपानी प्रेक्षकांच्या दृष्टीने तो एक गोंडस जांभळा झगा होता. हे सामान कुणाचं ते ओळखून त्यातली मेख कळणारा अख्ख्या जपानात कदाचित एकच माणूस असेल, हरीश, आणि तो अजून ग्रुपवर होता.

दुसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला. "वहिनी, शनिवारी येतो. घरी आहात ना?"

तेव्हा कुठे तिने नवऱ्याला सांगितलं. विश्वजित एरवी 'बघ, मी सांगत होतो' म्हणायची एक संधी सोडत नाही. त्या दिवशी त्याने ती सोडली. म्हणाला, "खरं काय ते सांगून टाक. कुणाला सांगायचं नाही म्हणून सही घेतली असेल, तो करार गेला उडत. खरं सांगितलं की विषय संपतो."

"संपतो?"

"संपतो म्हणजे काय, खोटं होतं ना ते? मग!"

जाहिरातीच्या कागदाबद्दल मात्र ती नवऱ्याजवळही बोलली नव्हती. कुणाला बोलू नका असं वृंदाने सांगितलं होतं, हे एक कारण. दुसरं, त्या कागदाने टीव्हीवरचं तिचं खोटं निम्मं खरं ठरत होतं.

शनिवारी दुपारी हरीश आला. ओसाकाहून खाऊचा खोका घेऊन, जपानी शिस्तीत. केस पांढरे झाले होते, शर्ट अंगावर लोंबत होता. चहा झाला, थालीपीठ पुढे आलं, ते त्याने तोडून नुसतं ताटलीत ठेवलं.

"कुकरवरनं ओळखलं मी," तो म्हणाला. "त्याच्या दांड्याला मी तार गुंडाळली होती. भाडं जायचं ते कार्ड बदललं, पत्ता बदलला, ट्रंकरूमवाल्यांची पत्रं जुन्या घरी जात राहिली असणार. त्यांचं काही चुकलं नाही. मला ते उघडायचं धैर्यच नव्हतं, वहिनी. म्हणून मी चौकशीच केली नाही." त्याने ताटली बाजूला सरकवली. "तिला दिवस गेले होते का?"

कौमुदी रिकामे कप गोळा करता करता थांबली.

"तुम्हाला बोलली असेल. बायका बोलतात. शेवटी शेवटी ती फार दमायची. मी म्हणायचो, जरा झोप. आणि त्या दिवशी हॉस्पिटलमध्ये डॉक्टर खूप बोलत होते हो. भराभर बोलत होते. मला निम्मं कळत होतं, निम्मं नाही, मी आपला हाय, हाय करून मान हलवत होतो. त्यात त्यांनी हे सांगितलं असेल का? मी हो हो म्हणून सोडून दिलं असेल का? मीच नको म्हणायचो ना. ती म्हणायची, मला तरी कुठे हवंय. मी ते खरं धरून चाललो. आणि इकडे तिने कुंची शिवून ठेवली होती. आधीपासून शिवत नाहीत, आणि तरी शिवली. चार दिवस झाले, मी झोपलो नाहीये."

"भावजी," कौमुदी म्हणाली, "ती कुंची वृंदाची नाही."

आणि तिने सगळं सांगितलं. चाळणी, पावडर, आतला उजेड. मात्सुई-सानांनी काय विचारलं आणि आपण काय शेफारून उत्तर दिलं. सायकलवरून कशी गेले, कशी आणली. काहीसुद्धा राखलं नाही, स्वतःची सालं काढून घेत सांगितलं. विश्वजितने मधेच शटरच्या आतल्या कॅमेऱ्याचं सांगितलं.

हरीशने शांतपणे ऐकून घेतलं. मग नकारार्थी मान हलवली. "तुम्ही माझ्या समाधानासाठी बोलताय, वहिनी. कळतं मला. टीव्हीवर तुम्ही रडत होतात. मी वीसदा बघितलंय. ते रडणं खोटं नव्हतं."

"रडणं खरंच होतं हो! पण कुंची..."

"मग?"

आता घ्या! साऱ्या जगाला ठाऊक की असले कार्यक्रम रचलेले असतात, पोरंटोरंसुद्धा सांगतील. आणि हा एक माणूस, ज्याने विश्वास ठेवता कामा नये, तोच ठेवून बसला होता. कौमुदीला वाटलं, त्याला गदागदा हलवावं. ती उठून आतल्या खोलीत गेली.

कपाटाचा खालचा खण तिने ओढला. वर पातळ कागदातली कुंची. तिच्याखाली वृंदाच्या कागदाची घडी, मासळीच्या फोटोंची बाजू वर आलेली. कौमुदीने कुंची उचलली. घडीकडे तिचा हात एकदा गेला. मग तिने खण बंद केला, भिंतीवरचा बारशाचा फोटो काढला आणि कोपऱ्यातला डबा काखेत घेऊन बाहेर आली.

"हे बघा. ही घरातली, माझ्या आईने शिवलेली. इथला एक मोती नाहीये, दिसलं? फोटोत बघा, तोच नाही. चैत्राली गिळेल म्हणून मीच काढला होता."

हरीशने फोटो जवळ घेतला. पाळण्यात जांभळ्या कुंचीतली चैत्राली, आणि मागे, बायकांच्या घोळक्याच्या कडेला, वृंदा. तो कुंचीपेक्षा तिथेच जास्त बघत राहिला. एवढ्यात चैत्राली शेजारच्या खोलीतून पाणी प्यायला आली, काकाच्या मांडीवरची कुंची बघून जपानीत म्हणाली, "ए, ती माझी आहे," आणि बाटली घेऊन निघूनही गेली.

तेव्हा त्याला पटलं. टीव्ही, वहिनी, विश्वजितची इंजिनिअरिंग अक्कल, कशाने पटलं नव्हतं ते त्या पोरीच्या एका वाक्याने पटलं. त्याचे खांदे एकदम खाली आले आणि तो दोन्ही हातांत तोंड लपवून रडायला लागला. विश्वजितने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"म्हणजे तसं काही नव्हतं," रडत रडत तो म्हणाला. "दिवस नव्हते. आणि तिच्या मनातही नव्हतं. ती म्हणायची तेच खरं होतं. तिला नकोच होतं. हो ना? मी तिला कशाला मुकवलं नाही, हो ना वहिनी?"

कौमुदीने डबा त्याच्या पुढे ठेवला. "हा मात्र वृंदाचा. नाव आहे बघा."

त्याने नावावरून अंगठा फिरवला. मावशीकडून, तो पुटपुटला, कराडच्या मावशीकडून. झाकण उघडलं. रिळं एकेक करून काढली, निळं, पांढरं, जांभळं. कात्री काढली. सुयांची पुडी काढली. आत हात घालून तळ चाचपला.

"वहिनी," तो म्हणाला, "ह्यात आणखी काही होतं का?"

सांगावं, असं कौमुदीला मनापासून वाटलं. वृंदाच्या इतक्या वर्षांच्या त्या गप्प बसण्याला कुणीतरी एकदा वाचा फोडावी, तिच्या नवऱ्याला कळावं की ती काय मनात धरून जगली, हा तिचा हक्कच होता. आणि समोर हा माणूस बसला होता, चार दिवसांत पहिल्यांदा श्वास घेतलेला. तिने डब्याकडे बघितलं. एक श्वास सोडला. मग डोळे वर केले.

"नाही, भावजी. एवढंच होतं."

हरीशने मान डोलावली. डोळे पुसले, रिळं पुन्हा डब्यात नीट रचली आणि झाकण लावलं. मग ताटलीतलं थालीपीठ ओढून घेतलं आणि थोडं लोणी मिळेल का म्हणून विचारलं.